नमाजी आहे, पण हिशेबाचं काय?

‘माणूस नमाजी आहे.’ ‘दोनदा हज करून आलाय.’ ‘रमजानमध्ये केवढी मोठी इफ्तार देतो!’ महापालिकेची निवडणूक लागली की आपल्या मोहल्ल्यात उमेदवाराची ओळख अशी करून दिली जाते आणि बहुतेक वेळा चर्चा तिथेच संपते. एखाद्या पोराने विचारलंच, की मागच्या पाच वर्षांत यांनी केलं काय, तर दुसरं वाक्य तयार असतं: ‘आता हे बघत बसायची वेळ नाही. मतं फुटली तर ते येतील.’

पहिल्या वाक्यात श्रद्धा वापरली जाते, दुसऱ्यात भीती. काम दोन्हींचं एकच, की उमेदवाराला कुणी हिशेब विचारू नये. मला या दोन्ही वाक्यांशी भांडायचं आहे. आणि ज्यांचं वय आज वीस-पंचवीस आहे त्यांच्यासमोर भांडायचं आहे, कारण आमच्या वडीलधाऱ्यांनी ही वाक्यं इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांना ती आता खटकतही नाहीत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवीन माणूस आला तर पहिल्याच दिवशी त्याच्या हातात सगळ्या सर्व्हरच्या किल्ल्या कुणी देत नाही, मग तो कितीही हुशार असो, कितीही गोड बोलणारा असो. आधीच्या कंपनीत फोन जातो, कागदपत्रं तपासली जातात, मग कामापुरता ॲक्सेस मिळतो. तोसुद्धा त्याने काय उघडलं, कधी उघडलं याची नोंद राहील अशा बेताने. यात कुणाला अपमान वाटत नाही. नगरसेवकाला मात्र आपण रस्ते, गटारं, पाणी, दवाखाने, शाळा आणि या सगळ्यांच्या टेंडरांची किल्ली पाच वर्षांसाठी देतो. पटलं नाही म्हणून मधेच ती काढून घ्यायची सोय मतदाराकडे नाही. आणि त्याआधी आपण चौकशी काय करतो? जुम्म्याला कितव्या सफमध्ये दिसतो, एवढीच.

हजरत उमर (रजि.) यांच्याबद्दलची एक रिवायत बयानांमध्ये नेहमी सांगितली जाते. एका माणसाची ओळख पटवायची होती. दुसरा पुढे आला आणि म्हणाला, मी याला ओळखतो, चांगला माणूस आहे. उमर यांनी त्याला विचारलं, तू याचा शेजारी आहेस का? याच्याशी कधी पैशाचा व्यवहार केलास का? याच्याबरोबर कधी प्रवास केलास का? तिन्ही वेळा उत्तर ‘नाही’ असं आलं. तेव्हा उमर यांनी त्याला सांगितलं, की मग तू याला फक्त मशिदीत उठता-बसताना पाहिलं असशील. तू याला ओळखत नाहीस.

ही गोष्ट आपण ऐकतो, ‘सुभानअल्लाह’ म्हणतो आणि मशिदीबाहेर पडल्यावर नेमकं त्या दुसऱ्या माणसासारखं वागतो.

यात नमाजला कमी लेखण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या दीनमध्येच अल्लाहचे हक्क आणि बंद्यांचे हक्क, हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद, असा फरक केलेला आहे. एखाद्याने नमाज चुकवली तर तो आणि त्याचा रब. त्याने गल्लीतल्या गटाराच्या कामात टक्केवारी खाल्ली, तर त्या गल्लीत राहणाऱ्या प्रत्येकाचा हक्क मारला. पहिल्या गोष्टीचा न्याय करायला मला कुणी बसवलेलं नाही. दुसऱ्या गोष्टीचा न्याय करायला मात्र मतदार यादीत माझं नाव घातलेलं आहे.

आपल्या जुन्या आलिमांनी या प्रश्नावर आपल्यापेक्षा जास्त रोखठोक विचार केला होता. इमाम अहमद बिन हंबल यांचं एक मत इब्न तैमिया यांनी राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे. सेनापती म्हणून कोण निवडावा, ताकदवान पण गुनहगार की नेक पण कमजोर? त्यांचा कौल ताकदवानाच्या बाजूने होता. त्याचा गुन्हा त्याच्यापाशी राहील, ताकद सगळ्यांच्या कामी येईल. कमजोराची नेकी मात्र त्याच्यापुरती आणि कमजोरी सगळ्यांच्या माथी. इब्न तैमिया पुढे असंही सांगतात की काम खजिना सांभाळण्याचं असेल तर अमानतदारी आधी बघावी. म्हणजे चारित्र्य ही एकच एक गोळीबंद वस्तू नाही. ज्या पदासाठी माणूस निवडायचा, त्या पदाला लागणारं चारित्र्य बघायचं. आता नगरसेवकाचं काम काय आहे? तो लढाईवर जाणार नाही. तो सर्वसाधारण सभेत बसणार, नशीब फळफळलं तर स्थायी समितीत बसणार, आणि तिथे लाखो-कोटींच्या टेंडरांवर हात वर करणार. म्हणजे खजिन्याचंच काम.

आपल्या कायद्यालाही हे ठाऊक आहे. महापालिका कायदा नगरसेवकाला व्यसन आहे का, त्याचं लग्न कसं झालं, हे विचारत नाही. पण त्याचा पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरू शकतो. त्याने बेकायदा बांधकाम केलं असेल तरी अपात्र ठरू शकतो. कायद्याच्या नजरेतलं चारित्र्य असं हिशेबी आहे आणि ते तसंच असायला हवं.

‘चारित्र्य’ हा शब्द आपल्याकडे फार चुकीच्या जागी वापरला जातो, विशेषतः बायकांबद्दल. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. उमेदवार बाई असली की तिचा बुरखा, तिचा आवाज, ती सभेत पुरुषांसमोर कशी उभी राहिली याच्यावर चहाच्या टपरीवर निकाल लागतो. आणि तिच्या बॅनरवर तिच्यापेक्षा दुप्पट मोठा फोटो असलेल्या नवऱ्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, खरं तर कारभार तोच करणार असतो. दुसरीकडे, एखाद्या पुरुष उमेदवाराने तलाकनंतर बायकोची मेहर बुडवलेली असते, मुलांचा खर्च द्यायला कोर्टात तारखांवर तारखा घेतलेल्या असतात, तर ‘हा त्याचा घरगुती मामला’ म्हणून सोडून देतात. माझ्या मते गणित बरोबर उलटं आहे. तिचा पेहराव हा घरगुती मामला. त्याने बुडवलेली मेहर हा दुसऱ्या माणसाच्या हक्काचा मामला, आणि जो घरातलं देणं बुडवतो तो प्रभागातलं फेडेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

आता हिशेब बघायचा कुठे? उमर (रजि.) यांच्याबद्दलच असंही सांगितलं जातं, की ते एखाद्याला सुभ्यावर नेमताना त्याच्या मालमत्तेची यादी करून घेत, आणि नंतर संपत्ती भलतीच वाढलेली दिसली की जाब विचारत, वाढीव भाग बैतुलमालमध्ये जमा करत. आपल्याकडे ही यादी मिळवायला २००२ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी २ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. हा खटला असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेने लढवला होता. गंमत बघा, त्यानंतर संसदेने कायदा करून ही माहिती आखडती घेण्याचा प्रयत्न केला, आणि २००३ मध्ये न्यायालयाने तोही हाणून पाडला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष या एका मुद्द्यावर एकत्र आले होते. तुम्ही काय वाचू नये यावर त्यांचं एवढं एकमत असेल, तर ते आधी वाचायला हवं.

लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या आणि ‘मायनेता’च्या संकेतस्थळावर मिळतात, महापालिकेची राज्य निवडणूक आयोगाच्या. मागच्या निवडणुकीत आम्ही पाच-सहा मित्रांनी आमच्या प्रभागातल्या सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं उतरवून घेतली आणि एक साधी एक्सेल शीट केली. काम कंटाळवाणं होतं. स्कॅन तिरके, अक्षर लागत नाही, पानं मागे-पुढे. सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द होता ‘निरंक’. वाहन निरंक, दागिने निरंक, देणी निरंक. ज्या गृहस्थांच्या प्रचाराला चार गाड्या फिरत होत्या त्यांच्या नावावर स्कूटरसुद्धा नव्हती. व्यवसाय, ‘समाजसेवा’. जोडीदार आणि अवलंबितांचे रकाने बघितल्यावर जरा उलगडा झाला. एकाचं पाच वर्षांपूर्वीचं शपथपत्रही सापडलं. दोन्ही शेजारी ठेवली तर मधल्या काळात जमीन तिप्पट झालेली, उत्पन्न मात्र होतं तिथेच.

ही शीट आम्ही मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकली. कुणावर आरोप नाही, फक्त त्यांनीच शपथेवर लिहून दिलेले आकडे. दहा मिनिटांत एका बुजुर्ग चाचांचा फोन आला. ‘बेटा, हे सगळं ठीक आहे. पण तू कुणाकडून आहेस ते आधी सांग.’ मी म्हटलं, ‘चाचा, मी तुमच्याच गल्लीकडून आहे.’ ते हसले, पण त्यांना ते पटलं नाही. आपल्याकडे हिशेब विचारणारा माणूस कुणाचा तरी असावाच लागतो, हे इतकं पक्कं बसलं आहे.

शपथपत्रातल्या गुन्ह्यांच्या रकान्याबद्दल मात्र सावध राहायला हवं, आणि आपल्याला हे कुणी वेगळं शिकवायची गरज नाही. ‘याच्यावर सात गुन्हे आहेत’ असा आकडा फेकला की माणूस गुंड ठरतो. पण गुन्हा दाखल होणं म्हणजे काय असतं हे आपल्या वस्त्यांइतकं कुणाला माहीत असणार? मोर्चा काढला, रस्त्यावर बसला, पोलिसांची परवानगी न घेता सभा घेतली, म्हणून दाखल झालेले जमावबंदीचे गुन्हे एका बाजूला. फसवणूक, अमानतीत खयानत म्हणजे अपहार, खंडणी, बाईवरचा अत्याचार, दोन समाजांत द्वेष पसरवणं हे दुसऱ्या बाजूला. पहिल्या प्रकारचे सात गुन्हे असलेल्या माणसाला मी कदाचित आनंदाने मत देईन. दुसऱ्या प्रकारचा एकच गुन्हा असेल आणि कोर्टाने आरोप निश्चित केलेले असतील, तर त्याने आधी उत्तर द्यावं. शपथपत्रात कलम लिहिलेलं असतं, कोर्टाचं नाव असतं, आरोप निश्चित झालेत की नाही हे असतं. आकडा मोजू नका, कलम वाचा. आणि हाच नियम समोरच्या पक्षाच्या उमेदवारालाही लावा. तिथे गुन्हा म्हणजे गुन्हा आणि आपल्याकडे गुन्हा म्हणजे सूड, असं चालणार नाही.

पक्षांकडून मदतीची अपेक्षा ठेवू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षांना सांगितलं की लोकसभा-विधानसभेला गुन्हे असलेला उमेदवार दिलात तर तोच का दिला याचं कारण जाहीर करा, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालणार नाही. त्याच वर्षी बिहारची विधानसभा निवडणूक झाली. हा आदेश पाळला नाही म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने अनेक पक्षांना दंड ठोठावला. त्यात आपण ‘आपले’ म्हणतो ते पक्षही होते.

‘आपला माणूस’ या शब्दावर आता थोडं सविस्तर बोलायला हवं. मी मूळचा रायगडचा, आणि आमच्या भागात आपला माणूस म्हटलं की आजही एक नाव निघतं, बॅरिस्टर अंतुले. आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले, महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. जून १९८० ते जानेवारी १९८२, म्हणजे दोन वर्षंही नाही. पण तेवढ्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली, जिच्यातून आजही विधवा, अपंग, निराधारांना दरमहा पैसे मिळतात. सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे झाले. फाइल टेबलावर सडू न देणारा, धडाकेबाज माणूस. हे सगळं खरं आहे.

आणि हेही खरं आहे, की त्या काळात सिमेंटवर नियंत्रण होतं, कोटा सरकारच्या हातात होता, आणि मुंबईचे बिल्डर इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान या ट्रस्टला देणग्या देत होते. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला की देणगी आणि सिमेंट यांचा एकमेकांशी संबंध आहे. अंतुले यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षे चालला. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने मान्य केलं, की १९८४ मध्ये खटला थेट उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आपलाच आदेश चुकीचा होता आणि त्यात आरोपीचे हक्क डावलले गेले. त्यांना शिक्षा कधीच झाली नाही. पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले.

आमच्या घरांत या गोष्टीचा एकच अर्धा भाग सांगितला जातो, ‘मुसलमान मुख्यमंत्री त्यांना बघवला नाही.’ बघवला नसेलही. मी त्या काळात जन्मलोही नव्हतो आणि दिल्ली-मुंबईतल्या कुणाच्या मनात काय होतं हे मला सांगता येणार नाही. पण बघवला नाही म्हणून सिमेंटचा प्रश्न विचारायचाच नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? दोन्ही प्रश्न एकाच वेळी खरे असू शकतात. त्यांच्यावर अन्याय झाला का, हा एक. त्यांनी हातातल्या कोट्याचं काय केलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी दुसऱ्याचं उत्तर द्यावंच लागतं. त्यांची निराधार योजना मला मोठी वाटते, आणि मोठी वाटते म्हणूनच दुसरा प्रश्न मला गिळता येत नाही.

‘आपल्या माणसा’च्या हातात ठेवलेल्या अमानतीचं काय होतं याचा सगळ्यात मोठा पुरावा तर वक्फ आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये देशभरातल्या सुमारे ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्तांचं वार्षिक उत्पन्न १६३ कोटी रुपयांच्या आसपास धरलं होतं. बाजारभावावर १० टक्के जरी परतावा मिळाला असता तरी ते १२ हजार कोटी झालं असतं, असं समितीचं म्हणणं. या जमिनींवर सरकारी खात्यांनीही कब्जे केलेत, हे समितीनेच नोंदवलं आहे. पण कवडीमोल भाड्याचे करार लिहून देणारे हात कुणाचे होते? त्या सह्या करणारे मुतवल्ली तर आपलेच, नमाजीच. मुलींच्या होस्टेलला जागा नाही म्हणून आपण दुसऱ्यांच्या दारात उभे राहतो, तेव्हा हा आकडा डोक्यात असू द्या.

उलटंही सांगतो. गोरेगावच्या मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आल्या. समाजवादी बाई. झोपडपट्टीतल्या पाण्यासाठी इतकं भांडल्या की ‘पाणीवाली बाई’ हेच नाव पडलं. ज्या नळासाठी त्या भांडल्या त्यावर कुणाची जात-जमात लिहिलेली नव्हती. त्यांना त्या वस्तीतल्या मुसलमानाने ‘आपलं’ म्हणायचं की नाही?

आता दुसरं वाक्य, भीतीचं. मी ते उडवून लावणार नाही. बुलडोझर, मॉब लिंचिंग, बाजारात बहिष्काराचे फलक हे सगळं आपण मोबाइलवर बघतो आणि काहींनी दारात बघितलं आहे. कोण सत्तेत येऊ नये याचा विचार करून मत देणं यात लाजण्यासारखं काही नाही. लोकशाहीत सगळेच समाज हे करतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की चारित्र्य ही त्या रणनीतीनंतर परवडली तर करायची चैन नाही. रणनीती उभीच चारित्र्यावर राहते.

कसं ते बघा. २०१९ मध्ये महाराष्ट्रात हजारो मुसलमानांनी ‘त्यांना’ थांबवायचं म्हणून घड्याळाचं बटण दाबलं. उमेदवार कसा आहे ते बघायची वेळ नाही, असं तेव्हाही सांगितलं गेलं. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, आणि ज्यांना थांबवायला पाठवलं होतं त्यांच्याच शेजारच्या खुर्चीवर अनेक जण जाऊन बसले. तुमची मतं फुटली नव्हती. मत घेणारा फुटला. पक्षांतरबंदी कायदा १९८५ पासून आहे, पालिकांसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा १९८६ पासून आहे. तो किती आडवा येतो हे आपण पाहिलं. शेवटी उमेदवार निकालानंतर तुमच्या बाजूला राहणार की नाही, हे त्याच्या चिन्हावर ठरत नाही, त्याच्या शब्दाच्या किमतीवर ठरतं. उमर यांनी प्रवासाबद्दल विचारलं होतं ते याचसाठी असावं. सपाट रस्त्यावर सगळेच सोबती असतात.

यातला सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. ज्या उमेदवाराला खात्री आहे की तुम्ही भीतीपोटी त्यालाच मत देणार, त्याने रस्ता का करावा? त्याने टँकरवाल्याशी वाकडं का घ्यावं? त्याला तुमच्या मोहल्ल्यात मेहनत करायची गरजच नाही. समोरच्याने एक विखारी भाषण केलं की त्याचं काम झालं. म्हणजे ज्याच्यापासून तो तुम्हाला वाचवणार म्हणून सांगतो, त्याच्या भाषणावरच त्याचं दुकान चालतं.

आणि प्रभागाच्या निवडणुकीत तर हे भीतीचं वाक्य निम्म्याने खोटं आहे. मुंबई सोडली तर आपल्या बहुतेक महापालिकांत चार सदस्यांचा प्रभाग असतो. अ, ब, क, ड अशा चार जागा, चार मतं. पक्ष सांगतात, पॅनल टू पॅनल चला, एकच चिन्ह चार वेळा दाबा. का? कारण चांगल्या तिघांच्या पदराआडून चौथा पार व्हावा म्हणून, किंवा तीन पैसेवाल्यांना एका भल्या माणसाच्या फोटोचा आधार मिळावा म्हणून. तुमच्यावर असं कुठलंही बंधन नाही. चार बटणं म्हणजे चार वेगळे निर्णय. महापौर कुणाचा होणार याची चिंता असेल तर दोन-तीन मतं त्या हिशेबाने द्या. पण पॅनलमधला जो उघड उघड टक्केवारीवाला आहे त्याला पास करायला तुमच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. अशी दोन-चारशे मतं एकाच नावावर तुटली तरी पक्षाच्या कार्यालयात ती मोजली जातात. पुढच्या वेळी तिकीट देताना आठवतात.

‘सगळेच चोर आहेत’ म्हणणाऱ्यांवर मी फार शब्द खर्च करणार नाही. ते वाक्य खऱ्या चोराच्या सगळ्यात सोयीचं असतं. खरोखर चारही नालायक असतील तर २०१३ पासून नोटाचं बटण आहे. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये तर असाही आदेश काढला, की पालिकेला नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तर त्या जागेची निवडणूक एकदा पुन्हा घ्यायची. किती जणांना माहीत आहे हे?

पाकिटाबद्दल एकच. ‘पैसे सगळ्यांकडून घ्या, मत हवं त्याला द्या’ हा सल्ला आपल्याकडे फार हुशारीचा समजला जातो. ते पैसे तुमच्याच गल्लीच्या पुढच्या पाच वर्षांच्या कामातून वसूल होणार असतात, व्याजासकट. आणि घेतल्यावर त्याला जाब विचारायला तुमची जीभ रेटणार नाही, हे देणाऱ्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

शपथपत्रं संकेतस्थळावर आल्यापासून मतदानापर्यंत जेमतेम दोन आठवडे हातात असतात. एका प्रभागासाठी चार-पाच पोरं पुरतात. विद्यमान नगरसेवक असेल तर त्याची सर्वसाधारण सभेतली हजेरी, त्याने विचारलेले प्रश्न, त्याच्या निधीतून झालेली कामं आणि ती करणारे ठेकेदार, हे सगळं माहिती अधिकारात मिळतं, पण त्याला महिना-दीड महिना लागतो. म्हणून अर्ज निवडणूक लागल्यावर नाही, वर्षभर आधी टाकायचा. मुंबईत ‘प्रजा फाउंडेशन’ अशी प्रगतिपुस्तकं वर्षानुवर्षं काढतं. बाकी शहरांत ते आपल्यालाच करावं लागेल.

आमच्या शीटमुळे झालं काय, तर फार काही नाही. कोपरा सभेत आमच्या ग्रुपमधल्या बी.कॉम.च्या एका मुलीने उमेदवार बाईंना विचारलं, की स्थायी समितीत जायला मिळालं तर टेंडरचं काय करणार? त्यांचे शोहर माईक घ्यायला उठले. ती म्हणाली, ‘भाईजान, प्रश्न आपांना आहे.’ सगळी सभा शांत. बाई दोन क्षण थांबल्या आणि म्हणाल्या की टेंडरमधलं मला आज फारसं कळत नाही. पण सही करायच्या आधी वाचीन, आणि तुमच्यापैकी कुणाला बसून वाचायचं असेल तर माझ्या घरी या. त्या दिवशी ऐकलेल्या सगळ्या भाषणांत मला हे एकच उत्तर खरं वाटलं.

मी चार मतं तीन वेगवेगळ्या चिन्हांना दिली, त्यातलं एक या बाईंना. चारपैकी दोघे पडले. बाई निवडून आल्या. आता दर महिन्याच्या सभेची विषयपत्रिका आली की आम्ही दोघं-तिघं त्यांच्या घरी जाऊन बसतो. गेल्या वेळी ड्रेनेज लाइनच्या कामाचा अंदाजपत्रकातला दर शेजारच्या प्रभागापेक्षा बराच जास्त दिसला. त्यांनी लेखी प्रश्न टाकला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.